उरलेला शब्द

आमच्या चर्चच्या मंडळीत पप्पांच्या प्रार्थनेची सगळ्यांना धास्ती होती. बाप्तिस्म्याचं जेवण असो की साखरपुडा, पानं वाढून झाली आणि कुणी पप्पांकडे बघून म्हणालं, "आता आपण प्रार्थना करावी," की जाणती माणसं मुकाट्याने भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवायची. पप्पा डोळे मिटायचे, घसा खाकरायचे आणि परमेश्वराला आधी त्याचीच कामगिरी सविस्तर ऐकवायचे. मग यजमान, यजमानांची मुलं, त्यांचे गावाकडचे आजारी नातेवाईक, कल्याणचं पाणी, देशाचे राज्यकर्ते. मी तेव्हा सहा-सात वर्षांची. भूक लागली की त्यांच्या सदऱ्याचं टोक ओढून हळूच विचारायची, "पप्पा, झाली?" ते डोळे न उघडता एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "अजून." की पुढे सुरू.

हे मला आज लख्ख आठवतं. जेव्हा आठवायला हवं होतं तेव्हा आठवलं नाही, याचा मला स्वतःचाच राग येतो.

पप्पा कल्याणला एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करायच्या, हे काम. एका वाक्यात एकच शब्द दोनदा आला की त्यांना दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. घरीही तोच खाक्या. मी चार वर्षांची असताना आई गेली, त्यामुळे घरात आम्ही दोघंच, आणि रोज संध्याकाळी सात वाजता घरची प्रार्थना. ती पाठ केलेली चालायची नाही. स्वतःच्या शब्दांत हवी, आणि तीही ताजी. काल म्हटलेलं आज म्हटलं की शेवटी पप्पा म्हणायचे, "बाळ, हे काल सांगून झालंय. देवाच्या लक्षात आहे." मग मी देवासाठी रोज नवी बातमी शोधत फिरायची. शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली, ही बातमी मी एकदा इतकी ताणली की मिटल्या डोळ्यांनी पप्पांनाच हसू फुटलं.

अशा प्रोटेस्टंट माणसाची मी मुलगी, आणि लग्न केलं ठाण्यातल्या कॅथलिक घरात. बाहेरच्यांना वाटतं, ख्रिस्ती म्हणजे सगळे एकच. कसलं काय! पप्पांनी महिनाभर अबोला धरला होता. माझं सासर माजिवड्याच्या गावठाणातलं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. सासूबाई तांदूळ निवडताना, बसची वाट बघताना, दुपारी लवंडल्या असताना सतत रोझरीचे, म्हणजे जपमाळेचे, मणी ओढत असतात. त्याच चार ओळी, पन्नास पन्नास वेळा. दोन्ही घरांच्या पहिल्याच भेटीत पप्पांनी ते पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही.

"विहीणबाई, देव काही बहिरा नाही. एकदा सांगितलेलं पुरतं."

"देव कशाला बहिरा असंल, व्याही?" सासूबाई म्हणाल्या. "बहिरी मी हाय. माज्या कानात शिरंपर्यंत बोलावं लागतं."

पप्पांनी पुढ्यातला चहा संपवला. परत येताना रिक्षात मला म्हणाले, "बाई हुशार आहे. पण पाठांतर ते पाठांतर." त्यानंतर वीसेक वर्षं दोघं एकमेकांशी अतिशय अदबीने वागले आणि त्या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. तोवर ते कल्याणला एकटेच राहत होते. दवाखान्यातून आम्ही त्यांना डोंबिवलीला आमच्या घरी आणलं. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत चालायचं. समजत सगळं होतं. मी वर्तमानपत्र चुकून उलटं दिलं तर कपाळाला आठी घालून सरळ करून घ्यायचे. पण बोलणं गेलं. एवढ्या शब्दांच्या माणसाचं सगळं बोलणं गेलं आणि एकच शब्द उरला. अजून.

तहान लागली, अजून. पंखा बंद कर, अजून. दारात कोण आलंय, अजून. आता मराठी घरात जेवणारा माणूस अजून म्हणाला की आपण वाढतो. मी वाढत गेले. पोळी, अजून, पोळी, अजून, भात. चहा प्यायल्यावर अजून म्हणाले की दुसरा कप, साखर घालून. पप्पा माझ्याकडे केविलवाणं बघायचे, आणि पानात टाकायची सवय नाही म्हणून खायचे. पंधरा दिवसांत रक्तातली साखर इतकी चढली की डॉक्टरांनी मला विचारलं, "यांना तुम्ही रोज लग्नाच्या पंगतीला बसवता का?" तेव्हा कुठे कळलं की पप्पांच्या अजूनचा अर्थ अजून नाही. नवरा हसला, मीही हसले. पप्पा हसले नाहीत.

खरी गोष्ट संध्याकाळी सातला व्हायची. ते खुर्चीत ताठ बसायचे, डोळे मिटायचे, घसा खाकरायचे, अगदी पूर्वीसारखं. ओठ उघडायचे. "अजून." थांबायचे, पुन्हा जोर लावायचे. "अजून... अजून... अजून." मग डोळे उघडून डाव्या हाताने स्वतःच्याच मांडीवर फाडकन मारायचे आणि रडायचे. पाणी मागता येत नाही याचं त्यांना फारसं काही नव्हतं. देवाशी बोलता येत नाही याचं होतं. ज्याला त्यांनी कधी कालचं वाक्य आज ऐकवलं नाही, त्याच्यापुढे आता एकच शब्द, तोही पुन्हा पुन्हा. आयुष्यभर ज्याच्याशी रोजचं बोलणं होतं त्याने दार लावून घेतलं, अशी त्यांची समजूत झालेली मला दिसत होती. मला ते बघवत नव्हतं.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले आणि त्यांनी पप्पांच्या वतीने मोठी प्रार्थना केली. चांगली केली, पप्पांच्याच वळणाची. पप्पांनी मध्येच तोंड भिंतीकडे वळवलं. निघताना पाळकसाहेब मला म्हणाले, "देव मनातलंही ऐकतो, त्यांना सांगा." मी सांगितलं. सांगून काय होणार होतं? मनातलं ऐकतो हे पप्पा दुसऱ्यांना चाळीस वर्षं सांगत आले होते.

म्हणून मी ठरवलं, पप्पांना बोलतं करायचं. त्यांची प्रार्थना त्यांना परत मिळवून द्यायची. मी शाळेत शिकवते. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना बोलतं केलं, एक बाप मला जड नव्हता.

कल्याणला एक स्पीच थेरपिस्ट मुलगी मिळाली, गोड स्वभावाची आणि मनापासून शिकवणारी. आठवड्यातून दोनदा आम्ही तिच्याकडे जायचो. तिने मला समजावून सांगितलं, "काकू, हा शब्द अडकलाय. म्हणायला सोपा आहे म्हणून मेंदू तोच पुढे करतो. सराव करताना तो आला की उत्तर देऊ नका. तुमच्या ओठांवर बोट ठेवा, थांबा, मग कार्ड दाखवून नवा शब्द म्हणून घ्या." कार्डांवर चित्रं होती. पाणी, चहा, पंखा. दोन कार्डांवर नुसतेच शब्द होते, हो आणि नको.

ती म्हणाली होती, सराव करताना. मी ऐकलं, दिवसभर. माझा स्वभावच तसा, कुणी चमचाभर सांगितलं की मी वाटीभर घालते. सकाळी उठल्यापासून पप्पांनी अजून म्हटलं की माझं बोट ओठांवर. तहानेने जीव चाललेला असला तरी आधी बोट, मग कार्ड, मग पा, पा, पाणी. ते चिडले की मी हसून मान हलवायची, नाही पप्पा, हा शब्द नाही. सातच्या प्रार्थनेलाही मी समोर बसायची, बोट तयार ठेवून. जन्मभर लोकांच्या चुका काढणाऱ्या माणसाची चूक आता मी काढत होते, आणि खोटं कशाला बोलू, त्यात मला थोडी गंमतही वाटत होती.

सासूबाई दर शनिवारी यायच्या, दोन बस बदलून, पिशवीत सुके बोंबील घेऊन. पप्पांच्या शेजारच्या खुर्चीत बसायच्या आणि आपली रोझरी करायच्या. मोठ्याने नाही, व्याह्यांचा मान राखून ओठांतल्या ओठांत. एका शनिवारी मी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आले तर पप्पांचे डोळे मिटलेले होते. "अजून," ते म्हणाले. सासूबाईंनी एक मणी पुढे सरकवला. थोड्या वेळाने, "अजून." आणखी एक मणी. सासूबाईंचे स्वतःचे ओठ बंद होते. त्या पप्पांच्या शब्दावर मणी ओढत होत्या. पप्पांचा चेहरा सैल झाला होता, झटक्यानंतर तो तसा मी पाहिलाच नव्हता. नेहमी मुठीत आवळलेला डावा हात मांडीवर उघडा पडला होता.

हे मी पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणायची मला सोय नाही. आणि तरीही मी भडकले.

"आई, काय चाललंय हे? महिनाभराची मेहनत आहे माझी. त्यांना तो शब्द बोलायला लावू नका."

"मी कुटं लावते? व्याही प्रार्थना करतान गो."

"ती प्रार्थना नाही, आजार आहे तो. आणि मण्यांवरची प्रार्थना पप्पांना कधी पटली नाही, तुम्हाला माहितीये."

पप्पांनी डोळे उघडले. मी त्यांच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी हाताची मूठ केली.

सासूबाईंनी मणी मुठीत गोळा केले. "सुरवातीला शब्द लागतान," त्या म्हणाल्या. "दहा मण्यांचा तिसरा फेरा आला का ते झिजून जातान. मंग नुसतं बसायचं ऱ्हातं, त्याच्यासंगती. व्याही तितंच बसले व्हते." रोझरी त्यांनी पिशवीत टाकली. पोहे खाल्ले नाहीत. पुढच्या शनिवारी त्यांचा फोन आला, गुडघे दुखतात म्हणून येत नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच.

आमच्या समोरच्या दारात एक मल्याळी आंटी राहतात. त्यांचं चर्च केरळातलं, फार जुनं, सुरियानी वळणाचं. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात त्या रोज दुपारी चाळीस वेळा जमिनीला कपाळ टेकतात आणि प्रत्येक वेळी देवाकडे दया मागतात, तेवढ्याच एका छोट्या ओळीत. दार उघडं असतं. पप्पा मला खूण करून खुर्ची तिकडे फिरवून घ्यायचे आणि ते बघत बसायचे. मला वाटायचं, तेवढीच करमणूक.

त्या एकदा केळ्याचे वेफर्स द्यायला आल्या. पप्पा त्यांना बघून अजून म्हणाले, माझं बोट ओठांवर गेलं. हे काय म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं.

"मोळे, ऐसा मत करो," आंटी म्हणाल्या. मोळे म्हणजे त्यांच्यात पोरी. "आमच्याकडे जुना साधू लोक असतो ना, तो एकच ओळ बोलतो. श्वास के साथ. पहिला ओठावर. मग छातीत. मग किधर जाता है, मालूम नहीं. पण तू शब्दच काढून घेतला, तर पप्पा काय पकडून खाली उतरणार?"

"आंटी, पप्पांचा पंथ वेगळा आहे," मी हसून म्हटलं. त्याही हसल्या आणि वेफर्स ठेवून गेल्या. एक बाई ठाण्याच्या गावठाणातली, एक केरळातली. दोघी एकमेकींशी कधी धड बोललेल्याही नाहीत, आणि दोघी मला एकच गोष्ट सांगत होत्या. मी मात्र पप्पांची शिस्त पप्पांपेक्षाही कडक पाळत बसले होते.

आणि मला यश आलं. आधी पाणी आलं, मग चहा, मग नको. हो सगळ्यात शेवटी आला, नाताळच्या सुमारास. अजून कमी होत होत एक दिवस थांबला, नेमका कोणत्या दिवशी ते माझ्या लक्षातही राहिलं नाही. थेरपिस्ट मुलीसाठी मी पेढे नेले. पप्पा अजूनही सातला खुर्चीत बसायचे, पण डोळे मिटायचे नाहीत. बंद टीव्हीकडे बघत राहायचे. मांडीवर मारणं थांबलं होतं, रडणंही थांबलं होतं. मी म्हटलं, चला, सावरले.

गेल्या महिन्यात मी त्यांची कल्याणची खोली आवरायला गेले. कपाटाच्या खालच्या कप्प्यात त्यांच्या प्रार्थनेच्या वह्या होत्या. मंडळीतल्या कुणाची नोकरी, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या मुलाची परीक्षा. प्रार्थनेचं उत्तर मिळालं की पुढे लाल शाईने बरोबरची खूण. मी हसत हसत पानं उलटत होते. सगळ्यात जुनी वही आई गेली त्या दिवसांतली होती. तिच्यात याद्या थांबल्या होत्या. लिहिलं होतं, "आज शब्द आले नाहीत. पहाटे नुसता बसलो." दुसऱ्या दिवशी, "नुसता बसलो." तिसऱ्या दिवशी, "नुसता बसलो." अशी कितीतरी पानं, तेच दोन शब्द, आणि कुठेही लाल शाई नाही.

पुढे एका पानावर जरा जास्त होतं. "पोरगी उठून आली. विचारलं, पप्पा, झाली? म्हटलं, अजून. ती मांडीत येऊन झोपली. मग उजाडेपर्यंत तोच एक शब्द येत-जात राहिला, श्वासाबरोबर. अजून. तिची आई गेली. तू अजून आहेस."

मी खाली फरशीवर बसले. म्हणजे जेवणाच्या पानांवरची ती लांबलचक प्रार्थना लोकांसाठी होती आणि सातची माझ्यासाठी. त्यांची स्वतःची वेगळीच होती, तिला शब्द नव्हते, असलाच तर एक होता. मंडळीत ती त्यांनी कुणाला सांगितली नसणार. सांगितली असती तर लोक म्हणाले असते, हे आपल्यातलं नव्हे. झटक्याने त्यांचं सगळं नेलं आणि नेमकं तेवढं ठेवलं. सुरुवातीला त्यांनाही ते ओळखू आलं नसेल. त्या शनिवारी, सासूबाईंच्या मण्यांबरोबर, ओळखू आलं असेल का, आणि कसं? मला विचारता येत नाही. हो आणि नको यांत ते उत्तर मावत नाही.

तिथूनच मी सासूबाईंना फोन लावला आणि ते पान वाचून दाखवलं.

"म्हंजी व्याही आमच्यातलेच व्हते की गो," त्या म्हणाल्या.

"आई, माझं चुकलं."

"चुकलं तं चुकलं. आता घरी जा. त्यांचा शब्द त्यांना परत दे."

वही पिशवीत घालून मी डोंबिवलीला आले तेव्हा सात वाजायला आले होते. पप्पा खुर्चीत बसले होते. मी पर्ससुद्धा खाली न ठेवता त्यांच्या पायाशी बसले आणि ते पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी स्वतःचं अक्षर ओळखलं. डाव्या हाताचं बोट ओळींवरून फिरवलं, शेवटच्या ओळीशी थांबवलं. मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि विचारलं, "पप्पा, झाली?"

"हो," पप्पा म्हणाले. स्पष्ट, कार्डावर शिकवला होता तसाच.

मला रडू फुटलं. मी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "नाही पप्पा. अजून. म्हणा ना. अजून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नव्हते. मांजरीच्या पिल्लांची प्रार्थना झाल्यावर बघितलं होतं तसंच बघत होते. मग त्यांनी मान हलवली, हात हळूच सोडवून घेतला आणि डावं बोट ओठांवर ठेवलं, मी ठेवायची तसंच.